मेंदूत सुई, मिलिमीटरच्या मापाने

दौलताबादच्या किल्ल्यात खंदकावरचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात अंधारी लागते. कातळ पोखरून केलेला हा वळणावळणांचा भुयारी मार्ग. भर दुपारीही आत डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही. शत्रू आत शिरला तरी त्याला डावे-उजवे कळू नये, तो चाचपडत भलतीकडेच जावा, यासाठीच ती रचना. ज्याला वळणे ठाऊक, तो पावले मोजत वर पोहोचेल. बाकीच्यांचे कठीण.

मेंदूच्या खोल भागात शिरू पाहणाऱ्या सर्जनची गत फार वेगळी नसते. कवटी उघडली की मेंदूचा वरचा पृष्ठभाग दिसतो. आतली केंद्रे दिसत नाहीत, आणि दिवा लावूनही उपयोग नसतो, कारण वाटेत भिंती नाहीत, जिवंत मेंदूच आहे. कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत आज जी बारीक तार कायमची बसवली जाते, तिची जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर. जिथे ती न्यायची, ते केंद्र डाळीच्या दाण्याहून फारसे मोठे नाही. दोन-तीन मिलिमीटर चुकले तर हाताची थरथर थांबण्याऐवजी जीभ जड होते किंवा तोंडाचे स्नायू आखडतात. न दिसणाऱ्या जागी नेमके पोहोचण्याची ही युक्ती ज्या यंत्रातून निघाली, त्याला दोन माणसांची नावे आहेत, हॉर्स्ली आणि क्लार्क. यांपैकी सर व्हिक्टर हॉर्स्ली हे त्यांच्या काळातले इंग्लंडमधील सर्वांत नावाजलेले मेंदूचे सर्जन. तरी त्यांनी ते यंत्र एकाही माणसाच्या डोक्याला लावले नाही.

हॉर्स्ली यांचा जन्म १४ एप्रिल १८५७ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागात झाला. वडील जॉन कॅलकॉट हॉर्स्ली नामवंत चित्रकार. नाताळची शुभेच्छापत्रे विकत घेण्याची जी रीत पुढे जगभर पसरली, तिचे १८४३ मधले पहिले चित्र त्यांच्याच हातचे. व्हिक्टोरिया राणीची धाकटी मुलगी बिॲट्रिस नेमकी त्याच दिवशी जन्मली, आणि राणीच्या इच्छेवरून चित्रकाराच्या मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले गेले. राजघराण्याचा असा आशीर्वाद मिळालेला हा मुलगा पुढे प्रस्थापितांशी आयुष्यभर भांडत राहिला, ही गोष्ट वेगळी.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकीचे शिक्षण झाले. भूल दिल्यावर मेंदूत नेमके काय होते हे जाणून घेण्यासाठी तरुण हॉर्स्ली यांनी स्वतःवरच सुमारे ५० वेळा भूल देण्याचे प्रयोग केले आणि काय जाणवले याच्या नोंदी ठेवल्या. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि न देणेच योग्य. पण या माणसाचा स्वभाव त्यातून कळतो. अंदाजावर विसंबायचे नाही, मोजून पाहायचे.

१८८४ मध्ये ते लंडनच्या ब्राउन इन्स्टिट्यूशनचे प्रमुख झाले. जनावरांवर उपचार आणि संशोधन करणारी ही संस्था होती. तिथल्या सहा वर्षांत त्यांनी जे केले ते एखाद्याच्या उभ्या आयुष्याला पुरले असते. माकडांतील थायरॉइड ग्रंथी काढून त्यांनी दाखवून दिले की, माणसांत अंग सुजणे, त्वचा जाड होणे आणि बुद्धी मंदावणे अशी लक्षणे असलेला आजार या ग्रंथीच्या अभावातून येतो. पाश्चर यांच्या रेबीजवरील लशीची पडताळणी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीचे ते सचिव होते. लस खरी आहे असा निर्वाळा देऊनच ते थांबले नाहीत. कुत्र्यांना मुसकी बांधण्याची सक्ती करा, असा त्यांनी धोशा लावला. श्वानप्रेमींच्या शिव्या खाल्ल्या. १९०२ मध्ये ब्रिटन रेबीजमुक्त झाले. कुत्रा चावल्याच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला ही तारीख जरा टोचावी.

त्यांचे खरे काम मात्र मेंदूवरचे. मेंदूच्या पृष्ठभागावर कोणत्या ठिकाणी विजेचा सौम्य प्रवाह दिला की कोणता स्नायू हलतो, याचा नकाशा ते माकडांवरील प्रयोगांतून तयार करत होते. अंगठ्याची जागा कुठे, ओठांची कुठे, पायाची कुठे. १८८६ मध्ये ते क्वीन स्क्वेअर येथील मज्जासंस्थेच्या रुग्णालयात सर्जन म्हणून रुजू झाले आणि त्याच वर्षी २५ मे रोजी त्यांनी तिथली पहिली मेंदूची शस्त्रक्रिया केली. रुग्ण २२ वर्षांचा. लहानपणी घोडागाडीखाली सापडून डोक्याला मार लागला होता, त्यानंतर फेफऱ्याचे झटके सुरू झाले. झटका शरीराच्या कोणत्या भागातून सुरू होतो हे पाहून हॉर्स्ली यांनी मेंदूतली जागा ठरवली, नकाशाप्रमाणे कवटी उघडली आणि मेंदूवरचा व्रण काढून टाकला. झटके थांबले.

त्या काळात क्ष-किरणही नव्हते, रंट्जेन यांचा शोध १८९५ चा. मग कवटीच्या बाहेरून आतली जागा कळायची कशी? हॉर्स्ली यांनी त्यासाठी पट्टीसारखे एक साधन वापरात आणले. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत मोजायचे, मध्यापासून ठरावीक अंतरावर तिरपी पट्टी धरायची, की तिच्याखाली मेंदूची मुख्य घडी येते. शिंपी कापडावर खडूने खुणा करतो तसे ते रुग्णाच्या मुंडन केलेल्या डोक्यावर खुणा करून मग हत्यार उचलत.

बाहेरच्या खुणा कधी दगाही देतात. १८८७ च्या जूनमध्ये लष्करातून निवृत्त झालेला एक अधिकारी त्यांच्याकडे आला. दोन-तीन वर्षे पाठीत असह्य वेदना, नंतर पाय लुळे पडले. अनेक डॉक्टर झाले होते. विल्यम गॉवर्स या मज्जाविकारतज्ज्ञांनी लक्षणांवरून निदान केले की, मज्जारज्जूवर गाठ दाबते आहे, आणि ती अमुक मणक्यांच्या पातळीवर असावी. हॉर्स्ली यांनी पाहिले आणि काही तासांतच शस्त्रक्रियेला घेतले. ठरलेल्या ठिकाणी मणक्यांच्या कमानी काढल्या, तर आत काहीच नाही. आणखी वर गेले, तरी नाही. तिथेच जखम शिवली असती तर त्या माणसाची कथा संपली असती. आणखी एक कमान वर काढली, तेव्हा बदामाएवढी गाठ दिसली. ती निघाली. तो माणूस पुन्हा चालू लागला, कामाला लागला. मज्जारज्जूवरची गाठ निदान करून यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद. वैद्यकाच्या इतिहासात ती विजय म्हणून सांगितली जाते, पण एका इंचाच्या फरकाने एक माणूस कायमचा अपंग राहणार होता, हेही तिच्यात आहेच.

कवटीच्या कापलेल्या हाडातून रक्त झिरपत राहते, ते थांबवायला त्यांनी मधमाश्यांच्या मेणाचे एक मिश्रण वापरले. १८९२ पासूनचे ते मेण थोड्याफार फरकाने आजही शस्त्रक्रियागृहात असते. बंदुकीची गोळी मेंदूत शिरल्यावर काय होते याचाही त्यांनी अभ्यास केला, त्यासाठी ओल्या मातीच्या गोळ्यांवर गोळ्या झाडून पोकळ्या मोजल्या. १९०२ मध्ये सर ही पदवी मिळाली.

आता त्या यंत्राकडे. हॉर्स्ली यांना लहान मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांचे काम समजून घ्यायचे होते. प्राण्यातले ते केंद्र बंद पाडायचे आणि काय बिघडते ते पाहायचे, ही पद्धत. पण केंद्रापर्यंत जाताना वरचा सगळा भाग दुखावला जाई, मग बिघाड कशामुळे झाला हेच कळेना. त्यांचे सहकारी रॉबर्ट हेन्री क्लार्क यांना यावर उपाय सुचला. क्लार्क वयाने सात वर्षांनी मोठे, गणिताची जाण असलेले. न्यूमोनियातून बरे होण्यासाठी ते इजिप्तला गेले असताना त्यांना ही कल्पना स्फुरली, असे सांगतात.

कल्पना तशी सोपी. नाट्यगृहात खुर्ची शोधायला मजला, रांग आणि क्रमांक एवढे तीन आकडे पुरतात. अंधारातही, मोजत गेले तर, माणूस आपल्याच खुर्चीवर बसतो. मेंदूतल्या प्रत्येक बिंदूलाही असे तीन आकडे देता येतील: किती पुढे-मागे, किती डावी-उजवीकडे, किती वर-खाली. फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची ते पक्के हवे. क्लार्क यांनी कवटीवरच्या हाडांच्या खुणा घेतल्या. कानांच्या दोन भोकांत दोन दांड्या, डोळ्यांच्या खोबणीच्या खालच्या कडेवर दोन टेकू. डोके या चौकटीत घट्ट बसले की सगळ्या मोजमापांचे शून्य ठरले. चौकटीवर सुईधारक, तो तिन्ही दिशांना मिलिमीटरच्या खुणांवर सरकवता येतो. दुसरीकडे त्यांनी प्राण्यांचे मेंदू गोठवून त्यांचे पातळ काप केले, त्यांवर मिलिमीटरची जाळी आखली आणि नकाशांचा संच बनवला. नकाशात आकडा पाहायचा, यंत्रावर तो लावायचा, कवटीला बारीक छिद्र पाडून काचेचे आवरण असलेली सुई आत सोडायची. टोकाशी काही मिलिअँपिअर वीज दिली की तिथला इवलासा भाग निकामी होतो. वरचा मेंदू जवळपास शाबूत.

१९०८ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात या दोघांचा प्रदीर्घ लेख आला. घन म्हणजे तीन मिती असलेल्या जागेतली मांडणी, अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी या पद्धतीला जे नाव दिले, त्यावरूनच आज स्टिरिओटॅक्टिक शस्त्रक्रिया हा शब्द रूढ आहे.

मग माणसावर का नाही? क्लार्क यांना ते शक्य वाटत होते, त्यांनी यंत्राचे पेटंटही घेतले. हॉर्स्ली मात्र त्या वाटेला गेले नाहीत. दोघांचे पुढे पटेनासे झाले आणि भागीदारी संपली. पण केवळ भांडणाला दोष देता येत नाही. खरी अडचण शून्याची होती. एकाच आकाराच्या मांजरांत कान आणि डोळ्यांची खोबण ठरली की आतली केंद्रे कुठे असणार हे बऱ्यापैकी सांगता येते. माणसांच्या कवट्या मात्र लांबट, रुंद, उंच, चपट्या, एका घरातल्या दोन भावांच्याही सारख्या नसतात. हाडावरून मोजत गेलात तर आकडा बरोबर येतो आणि जागा चुकते. मज्जारज्जूच्या गाठीत एका कमानीच्या फरकाचा अनुभव घेतलेल्या सर्जनला हे सांगायची गरज नव्हती. सुई एकदा खोल गेली की आणखी वर उघडून पाहू, ही सोय तिथे नाही. हॉर्स्ली यांचा हा संयम, मग त्यामागे कारण काहीही असो, रुग्णांच्या पथ्यावरच पडला असे म्हणायला हवे.

संयम हा शब्द त्यांना इतर बाबतींत मुळीच लावता येत नाही. दारूविरुद्ध त्यांनी पुस्तक लिहिले, सभा गाजवल्या. स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू इतक्या हट्टाने लावून धरली की त्यापायी संसदेची उमेदवारी गमावली. रुग्णांशी अत्यंत मृदू बोलणारा हा माणूस सार्वजनिक वादात समोरच्याला सोलून काढी. मित्रांनाही ते खुपत असे.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांचे वय ५७. या वयात, एवढ्या नावाच्या माणसाला घरी बसून सल्ले देता आले असते. ते लष्करी वैद्यकीय सेवेत दाखल झाले, इजिप्तला गेले आणि १९१६ मध्ये आपणहून मेसोपोटेमिया म्हणजे आजच्या इराकची आघाडी मागून घेतली. या आघाडीशी महाराष्ट्राचे नाते थेट आहे. तिथे लढणारी सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावाची होती, आणि कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले, सुमारे १३ हजार सैनिक कैद झाले. त्याआधी जखमींचे जे हाल झाले, त्यांवर पुढे चौकशी आयोग बसला. रुग्णवाहिका नाहीत, बोटी अपुऱ्या, औषधे आणि पट्ट्या नाहीत, जखमी दिवसेंदिवस उघड्या बोटींवर पडून. त्या जखमींत सातारा-रत्नागिरीकडचे शेतकऱ्यांचे किती पोर असतील, ते ज्याने त्याने ताडावे. मेंदूत मिलिमीटर मोजणारा माणूस येऊन पाहतो, तर इथे साध्या पट्टीची भ्रांत. हॉर्स्ली यांनी वरिष्ठांकडे तक्रारींचा सपाटा लावला, तो त्यांचा स्वभावच होता.

त्या उन्हाळ्यात टायग्रिसकाठच्या अमारा गावी उष्णतेने माणसे पटापट पडत होती. १६ जुलै १९१६ रोजी हॉर्स्लीही उष्माघाताने गेले. वय ५९. त्यांना अमाराच्या युद्ध-दफनभूमीत पुरले. तिथल्या जमिनीतल्या क्षारांनी थडग्यांचे दगड खाऊन टाकले, म्हणून १९३३ मध्ये सगळेच दगड काढले गेले. नावे उरली ती एका भिंतीवर.

यंत्र अडगळीत पडले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ऑब्रे मसन यांनी माणसाच्या डोक्याच्या मापाची एक चौकट बनवून घेतली होती, पण ती वापरायला सर्जन तयार झाले नाहीत. १९३० च्या दशकात शिकागोत रॅन्सन यांच्या प्रयोगशाळेने क्लार्क यांचे तंत्र प्राण्यांवरील संशोधनासाठी पुन्हा बाहेर काढले. माणसासाठीचे शून्य मात्र दुसऱ्याच वाटेने सापडले. १९१८ मध्ये वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण छायाचित्र घेतले. हाडाऐवजी मेंदूच्या आतलीच खूण पहिल्यांदा दिसली. १९४७ मध्ये फिलाडेल्फियात श्पीगल आणि वायसिस यांनी हे दोन्ही जोडले. चौकट हॉर्स्ली-क्लार्क यांच्या तत्त्वाची, शून्य मेंदूच्या आतले. हॉर्स्ली जाऊन तेव्हा ३१ वर्षे झाली होती.

त्यानंतर मात्र वेग आला. १९४९ मध्ये स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी चौकटीला अर्धगोल कमान जोडली. बैलगाडीच्या चाकाचा कोणताही आरा धरला तरी तो तुंब्यातच पोहोचतो, तसे लक्ष्य कमानीच्या मध्यावर ठेवले की सुई कोणत्याही कोनातून सोडली तरी तिथेच जाते. त्यामुळे रक्तवाहिनी चुकवून वाट निवडता येऊ लागली. भारतात मद्रासला डॉ. बी. राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र आणले. कंपवाताच्या रुग्णांत आधी अशा सुईने केंद्राचा थोडा भाग जाळत. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे बनाबिद यांनी जाळण्याऐवजी तार तिथेच ठेवून सतत सौम्य वीज देण्याची पद्धत सुरू केली. तारेची बॅटरी गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत. मुंबई-पुण्यातही आज ही शस्त्रक्रिया होते.

आता नकाशा प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा असतो, एमआरआयवरचा. शून्य म्हणून मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या दोन बारीक पट्ट्यांमधली सुमारे २५ मिलिमीटरची रेषा धरतात. कंपवातात नेहमी निवडले जाणारे केंद्र तिच्या मध्यापासून साधारण १२ मिलिमीटर बाजूला, दोन-तीन मागे आणि चारेक खाली असते. तरीही धाकधूक संपत नाही. कवटीला छिद्र पाडल्यावर भोवतालचे पाणी थोडे गळते, हवा शिरते आणि मेंदू एखाद-दोन मिलिमीटर खचतो, म्हणजे सकाळी काढलेला नकाशा दुपारी किंचित जुना झालेला असतो. मणक्यांत स्क्रू बसवताना कॅमेरे आणि संगणक वाट दाखवतात, तिथेही हेच. हाडाला लावलेल्या संदर्भखुणेला कुणाचा कोपर लागला तर पडद्यावर सगळे ठीक दिसत राहते आणि स्क्रू भलतीकडे जातो. म्हणून अनुभवी सर्जन मधूनमधून ओळखीच्या हाडावर टोक टेकवून पडद्यावरही तेच हाड दिसते ना, हे तपासून पाहतात.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत ही तपासणी अनेकदा रुग्णाकडूनच करून घेतात. कवटीपुरती बधिरता, बाकी रुग्ण जागा. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. आधी केसासारखी बारीक सुई सोडून पेशींची विद्युत खरखर ध्वनिवर्धकावर ऐकतात, केंद्र आले की आवाज बदलतो. मग तार सोडून वीज चालू करतात आणि रुग्णाच्या हातात पेन देतात. कागदावर मधून बाहेर गोल गोल रेघ काढायची. रेघ दातेरी आली, किंवा बोलताना शब्द अडखळले, तर तार काढून दोन मिलिमीटर बाजूने पुन्हा सोडतात आणि नवा कागद पुढे ठेवतात.